लिलिथची सोडचिठ्ठी

काही वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मी ‘पुराणकथांतील बंडखोर स्त्रिया’ या विषयावर बोलले होते. शूर्पणखा, हिडिंबा अशी वळणे घेत शेवटी मी ज्यू परंपरेतल्या लिलिथपाशी आले. आदमची पहिली बायको. त्याच्यासारखीच मातीतून घडलेली, म्हणून त्याच्या खाली निजायला नकार देणारी. भांडण विकोपाला गेले तेव्हा देवाचे गुप्त नाव उच्चारून ती आकाशात उडाली आणि परत आली नाही. गोष्ट सांगून झाली, टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर एक वयस्क बाई भेटायला आल्या. आयुष्यभर प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून काम केलेल्या. म्हणाल्या, “गोष्ट छान आहे हो, पण ही बायकांनी सांगितलेली वाटत नाही. बाळंतिणीच्या खोलीतल्या बाईला वर कोण आणि खाली कोण याचं काय पडलंय? तिला मूल जगायला हवं असतं.”

मी हसून विषय टाळला. उत्तर माझ्याकडे नव्हते. लिलिथची गोष्ट कोणी, कधी आणि कशासाठी सांगितली, हे मी तपासलेच नव्हते. मला ती गोष्ट सोयीची होती, एवढेच. पुढे सवड काढून या विषयाचे वाचन केले, तेव्हा त्या बाईंचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे असल्याचे लक्षात आले. हा लेख म्हणजे त्यांना उशिरा दिलेले उत्तर आहे आणि माझ्याच व्याख्यानाची दुरुस्तीही.

एक खुलासा आधीच करते. ज्यू म्हटले की मराठी वाचकाला कोकणातले बेने इस्राएल, आपले ‘शनिवार तेली’, आठवतात. पुढची हकीकत त्यांची नाही. ती मुख्यतः प्राचीन बाबिलोनियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या ज्यूंची आहे, आणि नंतर स्पेन, जर्मनी, पोलंड इथल्या ज्यूंची.

१

हिब्रू बायबलमध्ये लिलिथ एकदाच येते. यशया संदेष्ट्याच्या ३४व्या अध्यायात इदोम देशाच्या विनाशाचे वर्णन आहे. ओसाड पडलेल्या त्या प्रदेशात कोणकोणते रानटी जीव येऊन राहतील, याच्या यादीत तिचे नाव आहे. तिला विसाव्याची जागा तिथे मिळेल, एवढेच सांगितले आहे. ती कोण, कुठली, याचा खुलासा नाही. ऐकणाऱ्याला ती माहीतच असणार, असे यशयाने गृहीत धरलेले दिसते. भाषांतरकारांची मात्र पंचाईत झाली. जेरोमने आपल्या लॅटिन बायबलात तिला ‘लामिया’ केले, तर १६११च्या इंग्रजी भाषांतरात ती चक्क घुबड झाली.

यशयाच्या श्रोत्यांना ती माहीत होती, याचे कारण मेसोपोटेमियात सापडते. तिथल्या अक्कादी मंत्रपाठांत लिलू, लिलितू आणि अर्दत लिली अशी पिशाच्चांची मंडळी भेटतात. या शब्दांचे मूळ वाऱ्याशी निगडित असलेल्या सुमेरी ‘लिल’ या शब्दात असल्याचे मानले जाते. हिब्रूत रात्रीला ‘लायला’ म्हणतात. त्यामुळे ज्यूंच्या कानांना हे नाव रात्रीशी जोडलेले वाटले आणि वाऱ्यावरची बाई रात्रीची बाई झाली. त्याच प्रदेशात लामाश्तू नावाची आणखी एक भयंकर होती. गर्भवतीच्या पोटाला हात लावणारी आणि तान्ही मुले पळवणारी. पुढच्या काळातल्या लिलिथमध्ये या दोघींची कामे एकत्र झालेली दिसतात. पुरुषाला रात्री झपाटणे हे लिलितूचे काम आणि मुले मारणे हे लामाश्तूचे.

आपल्याकडच्या हडळीशी तिची तुलना करण्याचा मोह होतो, पण एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. हडळ कधीकाळी माणूस होती. कोणाची तरी सून, कोणाची तरी लेक. अतृप्त मेली म्हणून ती हडळ झाली. या जुन्या थरातली लिलिथ कधीच माणूस नव्हती. ती दुसऱ्याच जातीची. मृत समुद्राकाठी कुमरान इथे सापडलेल्या गुंडाळ्यांतल्या एका स्तोत्रातही ती पिशाच्चांच्या यादीतच उभी आहे. तिला आदम नाही, लग्न नाही, बंड नाही.

२

ताल्मूद हा ज्यू धर्मशास्त्राचा महाग्रंथ. त्याची बाबिलोनी आवृत्ती साधारण सहाव्या शतकापर्यंत आकाराला आली. कायद्याची चर्चा करता करता त्यात मध्येच गोष्टी, औषधे, स्वप्ने आणि भुते येतात. लिलिथ तिथे मोजक्याच वेळा डोकावते आणि प्रत्येक वेळी अगदी कामापुरती. तिचे केस लांब असतात. तिला पंख असतात. घरात एकट्याने झोपणाऱ्याला ती धरते, म्हणून एकट्याने झोपू नये. एका ठिकाणी तर विलक्षण प्रश्न चर्चेला येतो. एखाद्या बाईचा गर्भ पडला आणि त्याचा आकार लिलिथसारखा असला, तर तिला बाळंतिणीचे सोहेर पाळावे लागेल का? उत्तर येते की होय, पाळावे लागेल. ते मूलच आहे, फक्त त्याला पंख आहेत.

या उत्तरापाशी मी बराच वेळ थांबले. इथे भीती नाही, घृणाही नाही. पंख असलेला गर्भ पाहून कोणी ओरडत नाही. तो कोणत्या कलमात बसतो हे पाहिले जाते आणि बाईला बाळंतिणीचा दर्जा मिळतो. पिशाच्चालाही कायद्याच्या चौकटीत बसवून त्याच्याशी व्यवहार करायचा, ही या परंपरेची खोड आहे.

अग्रत बात महलत हिची गोष्ट त्याच खोडीतली. महलतची मुलगी अग्रत ही पिशाच्चांची राणी. १ लाख ८० हजार विनाशदूतांचा ताफा घेऊन ती रात्री हिंडते. एकदा तिची गाठ गालीलचा पुण्यपुरुष हनिना बेन दोसा याच्याशी पडली. तुझ्याविषयी स्वर्गात ताकीद दिलेली नसती तर मी तुला सोडले नसते, असे ती त्याला म्हणाली. स्वर्गात माझी एवढी पत असेल, तर तू पुन्हा कधी वस्तीत पाऊल टाकायचे नाहीस, असा हुकूम त्याने सोडला. मग तिने विनवणी केली, थोडी तरी जागा ठेव. त्याने शब्बाथच्या आणि बुधवारच्या रात्री तिला मोकळ्या ठेवल्या. लढाई नाही, वध नाही. हद्द ठरली, वार ठरले आणि दोघे आपापल्या वाटेने गेले. एखाद्या गावच्या पंचांनी पाण्याच्या पाळ्या ठरवाव्यात, तसा हा प्रकार आहे.

अग्रत ही आईच्या नावाने ओळखली जाते, याकडेही लक्ष वेधावेसे वाटते. ताल्मूदमध्ये अबाये नावाचा मोठा पंडित अनेकदा ‘आईने मला सांगितले’ असे म्हणून घरगुती औषधे आणि तोडगे सांगतो. ही आई म्हणजे त्याला वाढवणारी दाई. तिने सांगितलेल्या गोष्टींपैकी एक अशी, की मंत्रात माणसाचे नाव घ्यायचे ते आईच्या नावासह. सभास्थानात, करारात, कबरीवर बापाचे नाव. मंत्रात मात्र आईचे. पंडितांच्या ग्रंथाला हे ज्ञान एका दाईकडून आले, याची नोंद त्या ग्रंथाने प्रामाणिकपणे ठेवली आहे.

३

या सगळ्याचा प्रत्यक्ष पुरावा जमिनीतून वर आला. पेनसिल्वेनिया विद्यापीठाने १८८८ पासून दक्षिण इराकमधल्या निप्पूर इथे उत्खनन सुरू केले. तिथल्या जुन्या घरांच्या जमिनीखाली मातीचे साधे वाडगे निघाले. त्यांपैकी कित्येक पालथे पुरलेले होते. वाडग्याच्या आतल्या बाजूने शाईने अरामी भाषेत मजकूर लिहिलेला, जिलबीच्या वेढ्यांसारखा गोल गोल फिरत जाणारा. काहींच्या मध्यभागी चित्र, हातपाय साखळदंडाने बांधलेल्या पिशाच्चाचे. जेम्स माँटगोमेरी यांनी १९१३ साली निप्पूरच्या या मजकुरांचे पुस्तक प्रसिद्ध केले. आज अशा प्रकारचे २,०००हून अधिक वाडगे ठाऊक आहेत. पाचवे ते आठवे शतक हा त्यांचा साधारण काळ. म्हणजे ताल्मूदचे पंडित सुरा आणि पुंबेदिता इथल्या विद्यापीठांत वाद घालत होते, त्याच सुमारास त्याच प्रदेशातली सामान्य माणसे उंबऱ्याखाली हे वाडगे पुरत होती. पंडितांनी काय लिहिले हे आपल्याला ताल्मूद सांगतो. सामान्य माणसाला कशाची भीती वाटत होती, हे वाडगे सांगतात.

भीती कसली, हे वाडग्यांत स्पष्ट लिहिलेले असते. लिली नर आहेत आणि लिलिथ मादी. ती पुरुषांना बाईच्या रूपात दिसतात, बायकांना पुरुषाच्या रूपात, आणि रात्री त्यांच्याशेजारी निजतात. घरातल्या माणसाशी असे लग्नच लावल्यासारखे राहिलेले पिशाच्च मत्सरी असते. ते नवरा-बायकोत बिघाड आणते, गर्भ टिकू देत नाही, जन्मलेली मुले मारते. ज्या काळात निम्मी मुले डोळ्यांदेखत जात असत, त्या काळातले हे निदान आहे. आणि निदान लग्नाचे असेल तर उपाय उघडच आहे. लग्न मोडायचे.

ज्यू कायद्यात लग्न मोडणाऱ्या लेखाला ‘गेट’ म्हणतात. इंग्रजी दरवाजाशी या शब्दाचा संबंध नाही. मराठीत त्याला अगदी नेमका शब्द आहे, सोडचिठ्ठी. ती लिहायचे नियम कडक. दोन्ही बाजूंची नावे बिनचूक हवीत, नाहीतर लेख बाद. तो तिच्या हाती पडला पाहिजे. दूरदेशाहून पाठवलेली सोडचिठ्ठी आणणाऱ्याने काय साक्ष द्यायची, या प्रश्नाने तर मिश्नेतले घटस्फोटाचे प्रकरणच सुरू होते.

आता निप्पूरचा एक वाडगा पाहू. गेयोनाय नावाचा माणूस आणि त्याची बायको रश्नोय यांच्या घरासाठी तो लिहिलेला आहे. दोघांचीही ओळख आईच्या नावाने दिली आहे. अबायेच्या दाईने सांगितलेला नियम इथे मातीवर उतरला आहे. लिलिथला बजावले आहे, की तुझ्या आईचे नाव पलहान आणि बापाचे पेलहदाद हे आम्हाला ठाऊक आहे. तुझ्यासाठी सोडचिठ्ठी आली आहे. येशूच्या शंभर वर्षे आधी होऊन गेलेला धर्माध्यक्ष यहोशुआ बेन पेरह्या याने तुझ्यावर बहिष्कार टाकला आहे. केस मोकळे सोडलेली, उघडी अशी तू इथून निघ.

पहिल्यांदा वाचताना मला पलहान आणि पेलहदाद ही नावे मंत्रातल्या अनाकलनीय शब्दांपैकी वाटली होती. कायदा समजल्यावर त्यांचा अर्थ लागला. नावाशिवाय सोडचिठ्ठी लागू होत नाही. म्हणून पिशाच्चिणीलाही आईबाप द्यावे लागले. लेखनिकाने तिला घराण्याची ओळख दिली ती दयेपोटी नव्हे. कागद पक्का व्हावा म्हणून. इतर वाडग्यांत ही चिठ्ठी समुद्रापलीकडून आल्याचे म्हटले जाते, ते मिश्नेतल्या त्या दूरदेशच्या सोडचिठ्ठीच्या नियमाची आठवण करून देणारे आहे. काळ्या जादूचा म्हणून जो मजकूर आपण उघडतो, तो आतून वकिली निघतो.

आणि आता ज्या वाडग्यासाठी हा लेख लिहावासा वाटला, तो. माँटगोमेरींच्या पुस्तकात त्याचा क्रमांक १७ आहे. तो कोमिश नावाच्या बाईचा आहे, महलफ्ताची मुलगी कोमिश. मजकूर प्रथमपुरुषी आहे. आजच्या या दिवशी मी, महलफ्ताची मुलगी कोमिश, लिलिथला सोडते, वेगळी करते, घालवून देते, असा त्याचा आशय. सोडचिठ्ठीच्या लेखातली क्रियापदे एकामागून एक येतात आणि त्यांची कर्ती एक बाई आहे.

हे का महत्त्वाचे, ते सांगते. ज्यू कायद्यात सोडचिठ्ठी देतो तो नवरा. मिश्नेत हे दोन टोकांनी सांगितले आहे. बाई तिच्या मनाने अथवा मनाविरुद्ध सोडली जाऊ शकते, पुरुष मात्र फक्त स्वतःच्या इच्छेने सोडतो. नवऱ्याने सोडचिठ्ठी दिली नाही तर बाई अडकून राहते. अशा बाईला ‘अगुना’ म्हणतात, बांधलेली. हा प्रश्न आजही सुटलेला नाही. म्हणजे कोमिशच्या शेजारपाजारची कोणतीही बाई, कितीही गांजलेली असली तरी, ‘मी सोडते’ हे वाक्य कोणत्याही न्यायसभेत म्हणू शकत नव्हती. उंबऱ्याखाली, पालथ्या वाडग्यात, ते वाक्य लिहिले गेले.

अमेरिकी अभ्यासक रिबेका लेसेस यांनी २००१ साली एका दीर्घ निबंधात या वाडग्यांतल्या बायकांच्या कर्तेपणाकडे लक्ष वेधले. त्यांच्या मांडणीचे मला महत्त्व वाटते. तरी एक काळजी घ्यायला हवी. कोमिशने स्वतः लेखणी हाती धरली, असे यावरून म्हणता येत नाही. असे वाडगे लिहून देणारे लोक होते, ठरलेले साचे होते आणि साच्यात गिऱ्हाइकाचे नाव भरले जाई. ‘मी’ हा शब्दही साच्यातला असू शकतो. पण साचा म्हणून त्याची किंमत कमी होते का? मला वाटते, उलट वाढते. एका धाडसी बाईचे ते एकटीचे वाक्य असते, तर आपण तिला अपवाद म्हटले असते. बाईच्या तोंडी ही क्रियापदे घालताना लिहिणाऱ्याला काही विपरीत वाटले नाही आणि पैसे देऊन ती विकत घेणाऱ्या घरालाही वाटले नाही, ही गोष्ट अधिक बोलकी आहे. कायद्याने जे दार बंद ठेवले, ते भुतांच्या व्यवहारापुरते किलकिले झाले होते.

४

मग आदमची बंडखोर बायको कुठून आली? ती येते ‘बेन सिराची बाराखडी’ या हिब्रू पुस्तकातून. लेखक अज्ञात. काळ साधारण आठवे ते दहावे शतक. म्हणजे कोमिशसारख्यांचे वाडगे पुरले गेल्यानंतर. हे पुस्तक गंभीर धर्मग्रंथ नव्हे. ते वात्रट आहे. त्यातला नायक बेन सिरा हा यिर्मया संदेष्ट्याच्या मुलीच्या पोटी, स्नानगृहातल्या पाण्यातून झालेल्या गर्भधारणेने जन्मतो आणि जन्मताच बोलू लागतो. पुढे नबुखद्नेस्सर राजापुढे तो प्राण्यांच्या आणि शरीरधर्मांच्या चावट गोष्टी सांगतो. पवित्र परंपरेची अशी टवाळी करणाऱ्या पुस्तकातली एक गोष्ट मी व्यासपीठावरून स्त्रीमुक्तीचे आद्य वचन म्हणून सांगितली होती.

गोष्ट ज्या निमित्ताने येते ते निमित्तही आपण गाळतो. राजाचा लहान मुलगा आजारी पडतो. बेन सिरा त्याच्यासाठी ताईत लिहितो. त्यावर सनवी, सनसनवी आणि समंगलोफ या तीन देवदूतांची नावे असतात. हे कोण, असे राजा विचारतो आणि उत्तरादाखल लिलिथची गोष्ट येते. आदमशी भांडून ती उडून जाते. देव तीन दूत पाठवतो. ते तिला समुद्रात गाठतात. परत यायला ती नकार देते. मी तान्ह्या मुलांना क्षीण करण्यासाठीच निर्माण झाले आहे, मुलगा असेल तर आठ दिवस आणि मुलगी असेल तर वीस दिवस माझी सत्ता, असे ती सांगते. पण तुमची नावे ज्या ताईतावर दिसतील त्या मुलाला हात लावणार नाही, अशी शपथ घेते. शिवाय रोज तिची स्वतःची शंभर मुले मरतील, हेही कबूल करते. म्हणजे गोष्टीचे काम ताईताचा अर्थ सांगणे हे आहे. आदमशी झालेले भांडण ही तिची प्रस्तावना.

ताईत गोष्टीच्या आधीचा आहे, याला भक्कम आधार मिळाला तो १९८५ साली. योसेफ नावे आणि शौल शाकेद या दोन अभ्यासकांनी त्या वर्षी ताईत आणि वाडगे यांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात धातूच्या पत्र्यावरच्या एका ताइतात आणि एका वाडग्यात स्मामित नावाच्या बाईची गोष्ट आहे. स्मामितला बारा मुलगे झाले. सिदेरोस नावाच्या दुष्टाने ते सगळे मारले. ती पळाली, आडबाजूला जाऊन दारे बंद करून राहिली. तिच्याकडे काही मदतनीस आले. त्यांच्यात तिघांची नावे स्वनी, सुसनी, स्निगली अशी. तिने दार उघडले, त्यांच्याबरोबर सिदेरोसही आत शिरला आणि त्याने मूल मारले. तिच्या आक्रोशावरून त्यांनी त्याचा पाठलाग केला, समुद्रात गाठले आणि त्याच्याकडून शपथ घेतली, की आमची नावे जिथे घेतली जातील तिथे तू मुलांना अपाय करणार नाहीस.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. पाठलाग तोच, समुद्र तोच, शपथ तीच. तीन नावेही जवळजवळ तीच. बदलले आहे ते एवढेच, की जुन्या गोष्टीत मुले मारणारा पुरुष आहे आणि बाई ही मुले गमावलेली आई आहे. नव्या गोष्टीत मारणारी बाई आहे आणि ती नवऱ्याचे न ऐकणारी बायकोही आहे. मदत मागणाऱ्या आईची कथा कलहप्रिय बायकोच्या विनोदात बसवली गेली. तरी जुन्या कथेची एक खूण पुसायची राहून गेली, असे मला वाटते. बेन सिराच्या लिलिथची रोज शंभर मुले मरतात. लेखकाने ती शिक्षा म्हणून घातली. मला मात्र त्या शंभरांच्या मागे स्मामितचे बारा दिसतात. खुनी ठरवलेल्या बाईच्या कथेतही मेलेल्या मुलांची आई कुठेतरी शिल्लक आहे. परिचारिका बाईंना जी खोली गोष्टीत सापडत नव्हती, ती ही खोली. ती होती. तिच्यावर नंतर दुसरा मजला चढवला गेला.

५

पुढचा प्रवास भराभर सांगते, कारण तो अधिक परिचित आहे. तेराव्या शतकात स्पेनमधल्या कास्तील प्रांतात गूढवादी पंडितांनी लिलिथला विश्वरचनेत बढती दिली. इसहाक हाकोहेन याने तिला समाएल या दुष्टशक्तीच्या अधिपतीची जोडीदारीण केले. शतकाच्या उत्तरार्धात त्याच प्रांतात लिहिल्या गेलेल्या ‘जोहर’ या महाग्रंथात ती दैवी व्यवस्थेच्या काळ्या बाजूची राणी आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात केवळ कोणाची तरी बहीण म्हणून एका ओळीत उल्लेखलेली नामा हीसुद्धा जोहरमध्ये देवदूतांना मोहात पाडणारी पिशाच्चीण होते. अक्षरांच्या संख्यांचा खेळही सुरू झाला. हिब्रूत लिलिथ या अक्षरांची बेरीज ४८० भरते, म्हणून तिच्या सैन्याच्या तुकड्या ४८०. महलतची बेरीज ४७८, म्हणून तिच्या ४७८. बौद्धिक चातुर्य म्हणून हे सारे थक्क करणारे आहे. पण आता बोलणारे सगळे पंडित आहेत. घर, उंबरा, गिऱ्हाईक दिसेनासे झाले. पिशाच्चीण जसजशी मोठी होत गेली, तसतशी बाळंतीण लहान होत गेली.

बाळंतिणीच्या खोलीत मात्र जुने चालूच राहिले. आम्सटरडॅममध्ये १७०१ साली छापलेल्या ‘सेफेर राझिएल’ या पुस्तकात त्या तीन देवदूतांच्या विचित्र, पक्ष्यांसारख्या आकृती आहेत. आदम आणि हव्वा आत, लिलिथ बाहेर, अशा अर्थाचे शब्द लिहिलेले ताईत जर्मनीपासून कुर्दिस्तानपर्यंत बाळंतिणीच्या भिंतींवर लागत असत.

आणि तो कायदाही चालूच राहिला. त्स्वी हिर्श कायदानोवर यांच्या १७०५ साली फ्रँकफुर्टला छापलेल्या ‘काव हायाशार’ या नीतिग्रंथात पोलंडमधल्या पोझनान शहरातली एक हकीकत आहे. एका दगडी घराच्या तळघरात पिशाच्चांनी ठाण मांडले. झामोश्चचा योएल नावाचा मांत्रिक बोलावला गेला. पिशाच्चांनी दावा मांडला, की या घराचा पूर्वीचा मालक सोनार आमच्या आईबरोबर राहत होता. आम्ही त्याची मुले आहोत, घराचे वारस आहोत. रीतसर धर्मन्यायसभा बसली. दोन्ही बाजू ऐकल्या. निवाडा असा झाला, की पिशाच्चांच्या संततीला माणसाच्या घरात वारसा नाही, त्यांची जागा रानावनात. हनिनाने अग्रतला सांगितले होते तेच, सोळा शतकांनी. मला या गोष्टीतली सोनाराची बायको आठवत राहते. निवाड्यात तिचे म्हणणे कोणी विचारलेले नाही.

६

आधुनिक काळात लिलिथ ज्यू घरांबाहेर पडली. १८०८ साली प्रसिद्ध झालेल्या गटेच्या ‘फाउस्ट’मध्ये ती केसांनी तरुणांना गुंतवणारी म्हणून क्षणभर दिसते. रोसेटीने १८६०च्या दशकात तिचे आरशात पाहत केस विंचरणारी गोरी सुंदरी असे चित्र काढले. मग १९७२ साली ज्यू धर्मचिंतक जुडिथ प्लास्को यांनी बेन सिराची गोष्ट नव्याने लिहिली. त्यात हव्वा बागेची भिंत चढून लिलिथला भेटते आणि दोघींची मैत्री होते. न्यूयॉर्कमध्ये १९७६ साली ‘लिलिथ’ याच नावाचे ज्यू स्त्रीवादी नियतकालिक निघाले. पुरुषी टवाळीतून त्यांनी एक मैत्रीण घडवली, हे मोठेच काम आहे आणि त्याची खिल्ली उडवण्याचा माझा हेतू नाही. कथा कोणी रचली यापेक्षा ती कोणाच्या उपयोगी पडली, हेही पाहायचे असते.

माझी तक्रार माझ्यासारख्या वाचकांविषयी आहे. आपण अशा नव्या लेखनाला जुना पुरावा समजतो. ‘प्राचीन ज्यू बायकांची बंडखोर देवता’ असे म्हणून मोकळे होतो. प्राचीन ज्यू बायकांनी जे खरोखर मागे ठेवले, ते वाचायची तसदी घेत नाही, कारण ते दिसायला बंडखोर नसते. त्यांना लिलिथ व्हायचे नव्हते. त्यांना लिलिथ घरातून जायला हवी होती. शूर्पणखेला नायिका करताना आपण मराठीतही हेच करत नाही ना, असा प्रश्न मला हल्ली पडतो. राक्षसीचे नाव लगेच सापडते. उंबऱ्याच्या आतल्या बाईचे शोधावे लागते.

कोमिशला किती मुले झाली, किती जगली, वाडगा पुरल्यावर घरात शांतता आली का, यातले काहीच त्या वाडग्यावर लिहिलेले नाही. तिचे नाव, तिच्या आईचे नाव आणि एक क्रियापद, एवढेच उरले. त्या परिचारिका बाई पुन्हा भेटल्या, तर मी त्यांना आता सांगेन, की बाळंतिणीच्या खोलीतल्या बाईचेही एक वाक्य सापडले आहे. त्यात वर कोण, खाली कोण हे नाही. त्यात ती म्हणते, की मी सोडते. ते तिने पिशाच्चिणीला उद्देशून म्हटले, कारण दुसऱ्या कोणाला म्हणायची तिला मुभा नव्हती.